शिसवीची फणी

एका राज्यात राजाच्या शब्दापेक्षा रानाचा शब्द मोठा होता. राजा धैर्यकेतू म्हणे, इथवर माझे राज्य. रान म्हणे, इथवर होते. दरवर्षी पेरणीच्या आधी ते एक शेत पुढे सरके. ज्या अंगणात त्याची सावली पडे, ते घर आठ दिवसांत ओस पडे. आणि रानात जो शिरे, तो परत येत नसे. त्याची हाडेही सापडत नसत.

राजाने आधी कुऱ्हाडी पाठवल्या. कडेची चाळीस झाडे पडली, सकाळी त्या जागी ऐंशी उभी होती. मग मांत्रिक पाठवला. तो गेला तो गेलाच. त्याचा पोपट तेवढा आला, पण त्याची वाचा गेली होती. तिसरा उपाय उरला तो आगीचा. राजाने तेलाचे रांजण भरायला सांगितले.

रानाच्या कडेला लाकूडतोड्यांची वस्ती होती. त्यांचा नेम पूर्वापार चालत आला होता. झाड पाडण्याआधी कुऱ्हाडीच्या बोथट बाजूने खोडावर तीन ठोके द्यायचे, लाकूड कशाला हवे ते झाडाला सांगायचे, आणि पहिली उडालेली ढलपी बुंध्यावर ठेवून यायची. पहिली ढलपी रानाची. वस्तीतल्या पोरांना हे बोलता येण्याआधी ठाऊक होई. म्हणून वस्ती ताठ मानेने सांगे की चूक आमची नव्हे, राजाची. महालाच्या आढ्यासाठी त्याने रानातली सगळ्यात जुनी शिसव पाडवली, तेव्हापासून रान चालू लागले.

ती शिसव पाडली होती सिदोजीने. तो पुढे दोन वर्षांत वारला. त्याची लेक मंजुळा आता चाळिशीला आली होती. बापाने नवव्या वर्षी करून दिलेली काळी फणी अजून तिच्या अंबाड्यात असे. तिचा धाकटा भाऊ हैबत सात वर्षांपूर्वी चुकल्या गाईच्या मागे रानात गेला होता. गाय आली होती.

रांजणांची बातमी कळली तशी मंजुळा दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, माझा भाऊ आत आहे."

"सात वर्षे आत आहे."

"त्याच्या अस्थी तरी आणू द्या. जळक्या रानात मी त्याची राख कशी ओळखणार?"

राजा वाईट नव्हता, थकलेला होता. "तीन दिवस," तो म्हणाला. "चौथ्या दिवशी सूर्य वर आला की आग."

पहिल्या दिवशी मंजुळा रानात शिरली. आत वारा नव्हता, पण पाने हलत होती. एका वठल्या फांदीवर मोठ्या चोचीचा धनेश पक्षी बसला होता. तो माणसासारखा बोलला, आणि तिला त्याचे नवल वाटले नाही. तिथे तेच शोभत होते.

"लाकूडतोड्याची लेक," तो म्हणाला. "खांदा एका बाजूला उतरलाय. तुमच्यातली बाई पालखीत बसली तरी लपायची नाही."

"माझा भाऊ कुठे आहे?"

"रान तीन गोष्टी घेते, मग बोलते. आज लोखंड."

तिने कमरेचा कोयता काढून खाली ठेवला. मातीने तो गिळला. वाट तेवढ्यापुरती उघडली आणि तिला बाहेर सोडून मिटली.

दुसऱ्या दिवशी धनेश आणखी आत भेटला. तिने पुन्हा तेच विचारले.

"ज्यांच्यामधून चालत आलीस, ते कोण होते?" धनेश म्हणाला. "इथे आलेला माणूस सूर्य बुडताना थांबतो. थांबला की पाय रुजतात."

मंजुळा मागे वळली. झाडे उभी होती. एकाची मान कलती होती, एकाने पोटाशी काही धरल्यासारखे खोड वाकवले होते. तिला राजाच्या कुऱ्हाडीखाली पडलेली कडेची चाळीस झाडे आठवली. त्यांच्या लाकडावर वस्तीने दोन वर्षे चुली पेटवल्या होत्या. मग तिला कडेचे बिबळ्याचे झाड आठवले. गेल्या पौषात त्याची एक फांदी तिच्या परसावर झुकून आली होती. सावली अंगणात यायच्या आत तिने ती तोडली, तेव्हा लाल रस गळला. बिबळ्याचा रस लालच असतो, हे लाकूडतोड्याच्या लेकीला कुणी सांगायला नको. तिने हात धुतले होते आणि फांदी जाळली होती.



"आज नाव," धनेश म्हणाला. "दिलेस की ते कुणालाच आठवणार नाही. तुलाही नाही."

"घ्या," ती म्हणाली.

यापुढे ही कथा सांगणाऱ्यालाही तिचे नाव घेता येणार नाही.

तिसऱ्या दिवशी वाट तिला थेट जुन्या शिसवीच्या बुंध्यापाशी घेऊन गेली. बुंधा चार माणसे निजतील एवढा रुंद होता आणि शेवाळाने झाकला होता. धनेश त्याच्या कडेवर बसला होता.

"आता रानाचे जे आहे, ते दे."

आपल्याजवळ रानाचे काही नाही, असे तिने सांगितले. तिने अंगठ्याचे रक्त देऊ केले. धनेश म्हणाला, ते तुझे. तिने उरलेले आयुष्य देऊ केले. धनेश म्हणाला, तेही तुझेच, आणि फार उरलेलेही नाही. शेवटी केस तरी द्यावेत म्हणून तिने अंबाडा सोडला. फणी हातात आली, आणि धनेश पहिल्यांदाच गप्प झाला.

तिने बुंध्याकडे पाहिले. सगळीकडे शेवाळ होते, एक जागा सोडून. जिथे पहिली ढलपी ठेवतात, तिथे वीतभर लाकूड कोरडे आणि उघडे होते. एकतीस वर्षे ते वाट पाहत होते.

तेव्हा तिला बाप समजला. त्याने तीन ठोके दिले असतील, आढ्याचेही सांगितले असेल, आणि शिसवीने हो म्हटले असेल. मग एक ढलपी उडाली, काळी, गुळगुळीत, आणि त्याला नऊ वर्षांच्या पोरीचे केस आठवले. पुढची दोन वर्षे तो रोज पाहत होता, रान सरकताना आणि पोर केस विंचरताना. फणी परत मागून घेण्याचे त्याला धाडस झाले नाही.

तिने फणी उघड्या जागेवर ठेवली. शेवाळाने फणी झाकली. बुंध्यातून बोटभर कोंब वर आला, आणि सबंध रानाने एकदम श्वास सोडला.

चौथ्या दिवशी सूर्य वर आला तेव्हा राजा तेलाचे रांजण घेऊन कडेला उभा होता. रानातून माणसे बाहेर येत होती, डोळे चोळत, पायांची माती झाडत. मांत्रिकही आला, आणि त्याच्या पोपटाने पहिला शब्द उच्चारला तो शिवीचा. पण जी कुऱ्हाडीखाली गेली होती, ती चाळीस माणसे आली नाहीत. त्यांच्या घरचे लोक संध्याकाळपर्यंत वाटेवर उभे राहिले. राजाने मशाल विझवली, मुकुट काढला आणि त्यांच्याबरोबर उभा राहिला. त्या सालापासून रान जागचे हलले नाही, आणि राजाच्या कामाचीसुद्धा पहिली ढलपी बुंध्यावरच राहू लागली.

हैबत आला तो सगळ्यांत शेवटी. त्याचा डावा हात कोपरापासून नव्हता. वस्तीतली माणसे त्याच्या बहिणीला हाक मारू पाहत होती आणि अडखळत होती. तो अडखळला नाही. त्याने तिला जन्मात कधी नावाने हाक मारलीच नव्हती.

"आक्का," तो म्हणाला.

तिने त्याच्यापासून काहीच लपवले नाही. पौषातली फांदी सांगितली, लाल रस सांगितला, चूल सांगितली.

हैबतने तिच्या मोकळ्या केसांकडे पाहिले. मग विचारले, "ऊब तरी पुरली का, आक्का?"