पेला कसा धरायचा

"मग आणखी किती घट्ट धरायचा, बुवा?"

श्रीरंगनं हातातली यंत्राची चावी बाकावर आपटली. समोर यंत्रात पितळेचा पेला आडवा धरलेला होता. त्याच्या अंगाला चांगला बोटभर पोचा आला होता.

नथूबुवा खिडकीशी बसून सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मी काय सांगू? धरणारा तू."

भांड्यांवर नक्षी आणि नावं कोरण्यात नथूबुवांचा हात धरणारा त्या तालुक्यात कुणी नव्हता. मठाच्या आवारात त्यांची पत्र्याची शेड होती. लोक भांडं घेऊन यायचे आणि जाताना त्यांच्या पाया पडून जायचे. म्हातारपणी हात थरथरायला लागला तेव्हा बुवांनी कसलीही कुरकुर न करता कोरायचं यंत्र आणलं आणि श्रीरंगला त्यावर बसवलं.

श्रीरंग असा तयार झाला, की गिऱ्हाइकं थेट त्यालाच हाक मारू लागली. तिथून त्याच्या डोक्यात हवा शिरली. आता त्याला शहरात स्वतःचं दुकान टाकायचं होतं. मात्र बुवांनी तोंडानं 'जा' म्हटल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, एवढी चाड त्याच्यात शिल्लक होती.

त्यानं विचारलं तेव्हा बुवा म्हणाले होते, "मठाचा पेला कोरून दे. मग बोलू."

मठाचा पेला चांदीचा. सरळ, उभ्या अंगाचा. गादीवर बसणारे महाराज पहिल्या दिवशी त्यातूनच पाणी पीत. आजवरच्या सगळ्या महाराजांची नावं त्याच्या काठाभोवती एका ओळीत होती. पिढ्यान्‌पिढ्या राखेनं घासून ती पुसट झाली होती आणि पेला कागदासारखा पातळ. उद्या नवे महाराज गादीवर बसणार होते. त्याआधी नावं पुन्हा कोरायची होती, आणि पेला एकच होता. तो बिघडला असता तर श्रीरंगला शहरातच काय, मठाच्या दारातही तोंड दाखवायला जागा उरली नसती.

आधी पितळेच्या पेल्यांवर हात बसवून घ्यायची बुद्धी त्याला झाली, हे त्याचं नशीब.

पहिला पेला त्यानं दोन रुळांवर आडवा ठेवला. रूळ फिरले की पेला फिरतो आणि वरची सुई कोरत जाते. पण पितळ पडलं गुळगुळीत. पेला मध्येच केसभर घसरला. ओळ फेरा पुरा करून आली तेव्हा शेवटच्या महाराजांचं नाव पहिल्या महाराजांच्या नावावर चढलं होतं.

बुवांनी तो पेला उजेडात धरून पाहिला.

"वा! चेल्यानं गुरूच्या डोक्यावर पाय दिला की."

श्रीरंगचे कान तापले. रागारागानं त्यानं रूळ काढून चक चढवला. तीन जबड्यांचा पोलादी पंजाच तो. चावी फिरवली की जबडे तिन्हीकडून आवळत येतात. आता घसरून दाखव म्हणावं! त्यानं दातओठ खाऊन चावी फिरवली... आणि दुसऱ्या पेल्याला पोचा आला. पितळेची ही गत, तर त्या चांदीचं काय झालं असतं?

"सैल धरला तर घसरतो. आवळला तर चेपतो," श्रीरंग म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता. "मधलं काही असतं का, बुवा?"

"नाही."

"मग?"

बुवा गुडघ्यावर हात देत उठले. पोचा आलेला पेला त्यांनी काढून घेतला.

"हात वर कर. बोटं जुळव. घट्ट."

श्रीरंगनं पाची बोटं जुळवून वर धरली. बुवांनी त्यांच्यावर पेला उपडा घातला आणि एका बोटानं ढकलला. पेला गरगरला आणि खाली पडून ठणठणत गेला.

"घट्ट होती ना बोटं?"

"होती."

"मग पडला कसा?"

बुवांनी पेला उचलून पुन्हा त्याच्या बोटांवर घातला.

"आता पसर."

श्रीरंगनं आतल्या आत बोटं पसरली. बुवांनी पेला ओढला. पेल्याबरोबर श्रीरंगचा अख्खा हात ओढला गेला. बुवांनी त्याचं मनगट फिरवलं. पेला फिरला, जरासुद्धा न घसरता. बाहेरून त्याला कशाचाच स्पर्श नव्हता.

श्रीरंग आपल्या हाताकडे बघतच राहिला. रोज तो हाच चक चालवत होता. जबडे जसे मिटतात तसे उघडतातही, हे का त्याला ठाऊक नव्हतं? पण भांडं धरायचं म्हणजे आवळायचं, यापलीकडे त्याची बुद्धी कधी गेलीच नव्हती. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त म्हाताऱ्याचं कौतुक वाटलं.

त्यानं जबड्यांवर चामड्याची मऊ पट्टी चढवली. ते मिटून घेतले. चांदीचा पेला श्वास रोखून त्यांच्यावर सरकवला आणि चावी उलटी फिरवली. हळू... आणखी हळू. जबडे आतून पेल्याला टेकले. बुवा शेजारी उभे होते. त्यांनी नुसती मान हलवली. पुरे.

सुई चालू लागली. एकेक महाराज चांदीवर उमटत गेले. शेवटचं नाव पहिल्या नावाजवळ आलं आणि शिष्यानं अदबीनं थांबावं तितकं अंतर ठेवून थांबलं. ओळ कुठं सुरू झाली नि कुठं संपली, ते श्रीरंगलाही सांगता आलं नसतं. त्याचे डोळे भरून आले.

त्यानं पेला सोडवायला चावी लावली. झटक्यात बुवांनी त्याचं मनगट धरलं.

"काय करतोस?"

"सोडतोय, बुवा."

"सोडतोयस?"

श्रीरंगनं चावीकडे पाहिलं आणि त्याला दरदरून घाम फुटला. काम झालं की जबडे उघडायचे, ही हाताची सवय. इथं ते आणखी जरा उघडले असते तर चांदी उभी फाटली असती. त्यानं चावी दुसरीकडे फिरवली. जबडे मिटले आणि पेला अलगद बुवांच्या ओंजळीत आला. अंगावर एक ओरखडा नव्हता.

बुवांनी पेला धोतराच्या सोग्यानं पुसला, बाकावर ठेवला.

"बोल. काय विचारायचं होतं?"

श्रीरंगला दुकान आठवेना, शहर आठवेना. तो खाली बसला आणि त्यानं बुवांचे पाय दोन्ही हातांनी गच्च धरले.

"मला नाही जायचं, बुवा. मला अजून काहीच येत नाही. हे पाय मी आता सोडणार नाही."

बुवा वाकले. श्रीरंगची बोटं त्यांनी एकेक करून आपल्या पायांवरून सोडवली.

"बाहेरून नको धरूस, श्रीरंगा... जा आता."