तोंड नसलेला ओबिबी

एक होतं गाव. राजाबिजा नव्हता तिथं, राजा पाहिजे असेल तर दुसऱ्या कुणाच्या अंथरुणात जाऊन निजा. लांब तिकडं आफ्रिकेत, नाईल नदीच्या अंगाला, अचोली लोकांचं गाव. गोल गोल झोपड्या, वर गवत, मधोमध शेकोटी. तिन्हीसांजेला सगळं गाव शेकोटीभोवती बसायचं आणि गोष्ट ऐकायचं. सांगायचा कोण? लाकेर नावाच्या बाईचा नवरा. आणि बरं का, त्या गावात गोष्टीला हुंकार एकट्यादुकट्यानं द्यायचा नाही. गोष्टीतला राक्षस दाराशी येऊन विचारायचा, "आत कोण आहे?" मग ज्यानं त्यानं आपापल्या जागेवरून म्हणायचं, "मी आहे." एकामागून एक, कुंपणाला काटे लावत जावं तसं.

एके दिवशी लाकेरचा म्हातारा ओबिबीची गोष्ट सांगत होता. ओबिबी म्हणजे माणसं खाणारा राक्षस. म्हातारा म्हणाला, "मग ओबिबीनं एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला, आणि..."

तेवढ्यात बंदूकवाले आले.

लढाई होती. त्यांनी पोरं धरली. लाकेरच्या शेजारच्या झोपडीतलं पोर होतं, ओलान्या. त्याच्या हातात दांडकं दिलं आणि म्हणाले, "या म्हाताऱ्याला मार, नाहीतर तू मर." त्यानं मारलं. उगीच गोड करून सांगत नाही मी. मारलं म्हणजे मारलं, म्हातारा तिथंच गेला. मग त्याला घेऊन गेले. उरलेलं गाव पळालं आणि छावणीत राहिलं. तिथं अंधारात विस्तव पेटवायची बंदी. गोष्ट नाही, हुंकार नाही. पोरं मोठी झाली ती भिंतीकडं बघत.

पुढं लढाई संपली. लोक परतले, झोपड्या बांधल्या, तीळ पेरले. लाकेरही आली, म्हातारी होऊन. लेक आणि सून छावणीतच तापानं गेली होती. सोबत तेवढी नात, अचान. ओलान्याही परत आला, चांगला बाप्या झालेला. पण तो ओढ्यापलीकडं एकटाच राहायचा. त्याचं कुणी उरलं नव्हतं आणि त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं.

मग काय झालं, एका तिन्हीसांजेला अचान दारात बसली होती. लाकेरनं बघितलं, तर उंबऱ्याच्या आत एक पाय. काळा, ओला, माणसाच्या पायाहून लांब. तिनं वर बघितलं. अंग होतं, मान होती, तोंड नव्हतं. तोंड कुठून असणार? गोष्टीत ते सांगायचंच राहिलं होतं! गोष्ट तुटली आणि तो तिथंच अडकला, एका पायावर. तोंड नाही, तरी आवाज आला, "आत कोण आहे?"

लाकेरची बोबडी वळली. पाय मागं गेला. पण जाताना अचानचं बोलणं घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी गडी भाले घेऊन दारात बसले. भाला त्याच्या अंगातून गेला, धुरातून जावा तसा. मग बकरं कापून पुढं ठेवलं. त्यानं ढुंकून बघितलं नाही. ढुंकायला डोळे होते कुठं? त्या दिवशी अचानची ओळख गेली. पोर खांबाकडं बघावं तशी आजीकडं बघायला लागली. आता तिसऱ्या दिवशी ती उठून त्याच्या मागं चालणार, हे सांगायला शहाणा माणूस कशाला पाहिजे?

आदोक म्हणून एक गाडगी घडवणारी म्हातारी होती. ती लाकेरला म्हणाली, "अगं, गोष्टीतला राक्षस भाल्यानं मरतो होय? गोष्ट पुरी कर की."

तिसऱ्या दिवशी शेकोटी पेटली. इतक्या वर्षांनी. लाकेर नवऱ्याच्या जागी बसली, अचानला जवळ धरलं आणि म्हणाली, "मग ओबिबीनं एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला." म्हणायचा अवकाश, तो उजेडाच्या कडेला उभा. "आत कोण आहे?"

"मी आहे." "मी आहे." मेलेल्यांच्या जागी त्यांची माणसं बोलली. नवऱ्याच्या नावानं लाकेर बोलली. आवाज फिरत फिरत गेला आणि एका जागी थांबला. तिथं कुणी नव्हतं. ती ओलान्याची जागा.

ओबिबी बरोबर त्या फटीशी आला. मान आत घातली. अचान आजीचा हात सोडवून उठली.

"बोलव त्या ओलान्याला," आदोक म्हणाली.

"माझ्या नवऱ्याच्या गोष्टीत त्याचा आवाज? जीभ झडो तुझी!"

"मग पोर देऊन टाक."

अचाननं ओबिबीचा ओला हात धरला. तेव्हा लाकेर किंचाळली, "ओलान्या! ये इकडं!"

तो ओढ्याच्या अलीकडं, अंधारात उभाच होता. म्हणाला, "कसा येऊ आई? माझं अंडं कुणी ठेवलं नाही."

त्यांच्यात असं आहे, लढाईवरनं आलेल्यानं कच्च्या अंड्यावर पाय देऊन मगच गावात शिरायचं. अंडं ठेवायचं घरच्यांनी. याला घरचं होतं कोण?

"मला आई म्हणू नकोस," लाकेर म्हणाली. पण गेली, कोंबडीखालचं गरम अंडं काढलं. क्षणभर वाटलं, त्याच्या कपाळावर फोडावं. फोडलं नाही. त्या फटीपाशी खाली ठेवलं. "तुझा हात नकोय मला. आवाज पाहिजे."

ओलान्यानं अंड्यावर पाय दिला. कचकन वाजलं. तो जागेवर बसला. ओबिबी त्याच्या डोक्यावर वाकला. "आत कोण आहे?"

ओलान्याचे ओठ हलले, आवाज फुटेना.

"बोल मेल्या!" लाकेर ओरडली.

"मी आहे," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "मीच होतो."

शेकोटीत एक लाकूड तडकलं. कुंपण लागलं होतं. ओबिबीला पुढं येता येईना, मागं जाता येईना. मग लाकेरनं त्याचं तोंड सांगितलं. असं रुंद, असे दात. सांगेल तसं ते उमटत गेलं, आणि बघणाऱ्यांची पाचावर धारण बसली. पण गोष्टीत ओबिबी मरतो तो तोंडात तापलेला दगड पडून, मग तोंड असल्याशिवाय दगड टाकणार कसा? तिनं दगड टाकायचं सांगितलं आणि तो पडला. ओबिबीची मूठभर राख झाली, वाऱ्यानं नेली.

अचाननं डोळे चोळले. ओलान्याकडं बोट करून म्हणाली, "आजी, हा कोण गं?"

लाकेरनं शेकोटीत एक लाकूड सारलं. मग म्हणाली, "शेजारचा ओलान्या आहे. सरक, त्याला नीट बसू दे."

माफ केलं का तिनं? मला नका विचारू. माफी काय भाकरी आहे, मोडली आणि दिली? पण दुसऱ्या दिवशी शेकोटी पेटली, तो आला, धुराच्या बाजूला बसला, आणि कुणी त्याला ऊठ म्हणालं नाही. अचान मोठी झाली, तीळ पिकले, गाव पोटभर जेवून निजायला लागलं.

तुम्हीही निजा आता. कूस बदला आणि गप डोळे मिटा.