सालूबाईच्या घागरीचा खटला

पणजीनं विहीर बाटवली नव्हती, हे हौसा घसा फोडून सांगत होती, पण सातवीच्या वर्गात कुणाला पटेल तर शपथ!

इतिहासाच्या तासाला खटल्याचा खेळ मांडला होता. फळ्यावर 'दोषी' लिहून पुढची जागा रिकामी ठेवली होती. आरोपी सालूबाई, म्हणजे गावच्या विहिरीवर दलितांचा हक्क सांगून भरदुपारी घागर भरणारी हौसाची पणजी. तिच्या जागी हौसाच उभी. न्यायाधीश होते शाळा समितीचे अध्यक्ष सर्जेराव पाटील. अंगात बायकोचा काळा रेनकोट, हातात खिचडीच्या खोलीतलं लाटणं. "तिची घागर आमच्या आजोबांनी फोडली, जोत्याजी पाटलांनी!" असं त्यांनी आल्या आल्या छाती फुगवून सांगितलं होतं. पणजी दोषी ठरली, की पोरं हौसाला जन्मभर 'बाटवी' म्हणणार होती.

"विहीर बाटली! सालूबाई दोषी!" सर्जेरावांनी लाटणं आपटलं.

"थांबा की, जजसाहेब," हौसा म्हणाली. "त्या रात्री तुमच्या घरात पाणी कुठलं प्यायले?"

"त्याच विहिरीचं. गावात दुसरी होती कुठं?"

"मग पाणी बाटलं असेल, तर तुमचं घराणंही तेव्हाच बाटलं, आता आपण भाऊबंद. आणि नसेल बाटलं, तर पणजीचा गुन्हा काय? बोला, फळ्यावर काय लिहू?"

लाटणं हवेतच राहिलं. "नाही बाटलं," सर्जेराव पुटपुटले. "सालूबाई निर्दोष."

"मग दुसऱ्याची घागर फुकट फोडणारा दोषी ना?"

सर्जेरावांनी खाली मान घातली. हौसानं खडू उचलला आणि 'दोषी'पुढं ठसठशीत लिहिलं, जोत्याजी पाटील.