बुध्याची डोणी

जनावरं आणि दगड तोंडावर खरं बोलायचे, त्या काळातली ही गोष्ट. हौसाक्काचा कुत्रा बुध्या म्हातारपणी गेला. तिनं त्याची पाण्याची दगडी डोणी पालथी घातली, तिच्यावर हळदकुंकू वाहिलं आणि कुणी शिवायचं नाही असं बजावलं.

भर उन्हाळ्यात एक तहानलेली कुत्री लंगडत अंगणात आली. मांजरी आणि कोंबडी तिच्या अंगावर धावल्या. "चालती हो! ही बुध्याची आठवण आहे."

"आठवण?" पालथी डोणी कडाडली. "मांजरीबाई, बुध्याशेजारी तोंड घालून कोण प्यायचं? आणि कोंबडे, तू तर माझ्यात पाय धुवायचीस! त्यानं कधी कुणाला हाकललं? आणि त्याच्याच नावानं तुम्ही हिला तहानेनं मारताय! लाज वाटू द्या. हौसाक्का, तूसुद्धा!"

दारातली हौसाक्का अंगणात उतरली. मग पदर खोचून तिनं डोणी सरळ केली, कुंकू धुतलं आणि कळशी ओतली. कुत्री घटाघटा पिऊ लागली.

"सावकाश गं बाई," हौसाक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "आमचा बुध्यापण असाच ठसका लागेपर्यंत प्यायचा."

बुध्या गेल्यापासून पहिल्यांदाच त्याचं नाव घेताना ती हसली.