काळ्या खडपाकडे जाणारे फिन

“काका, कुठले फिन घालू, एवढंच सांगा.”

उन्मेष तिसऱ्यांदा विचारत होता. पोहायला पायात चढवायच्या रबरी पात्यांच्या दोन जोड्या, एक लांब, एक आखूड, मांडीशी ठेवून बाबी तांडेल वाळूवर बसून जाळं विणत राहिला. चाळीस वर्षं बुड्या मारलेला माणूस. त्याने मान हलवल्याशिवाय समुद्रातल्या त्या खडकाकडे, काळ्या खडपाकडे, कुणी होडी नेत नसे.

गेल्या मार्गशीर्षात उन्मेषचा धाकटा भाऊ त्या खडपाशी बुडी मारून गेला, तो वर आलाच नाही. पाण्याने काहीच परत दिलं नाही. उन्मेषला तळाशी जाऊन त्याला शोधायचं होतं.

“वेग कशात जास्त?”

“त्या लांब पात्यांच्यात.”

“मग तेच.”

“तुझो भाव पण ताच म्हणालेलो.”

उन्मेषने लांब जोडी उचलली.

“खाली गाळ आसा. लांब पात्याचो एक फटको, की गाळ उठता. मगे वर खंय नि खाली खंय, काय कळना नाय.”

“मला पोहणं शिकवू नका. राज्यात पहिला आलोय.”

“मासे खंय पयले येवक नाय. तरी पोवतत.”

उन्मेषने लांब फिन चढवले नि तरातरा पाण्याकडे निघाला. चौथ्या पावलाला पातं दुमडलं. तो तोंडावर आपटला.

म्हातारा हसला नाही.

“उलटो चल. फिन घातलेलो माणूस पाण्याक पाठ करून जाता.”

मग उन्मेष पाठमोरा चालत गुडघाभर पाण्यात गेला नि थांबला. ओहोटी नुकतीच लागली होती. वाळू सारवल्यासारखी सपाट. किनाऱ्यावर तिसरं माणूस नव्हतं.

समोर त्याचे स्वतःचे ठसे दिसत होते. पात्यांची टोकं जमिनीकडे. जसं कुणी समुद्रातून चालत वर आलंय...

शेजारी आणखी एक ओळ होती.

तसलीच लांब पाती. टोकं जमिनीकडेच. पाण्यापासून निघून ती म्हाताऱ्याच्या पुढ्यात येऊन संपत होती.

म्हातारा अनवाणी होता.

उन्मेषने वाकून फिन ओढून काढले. मघाची ऐट कुठच्या कुठे गेली होती.

“काका... ते आखूड द्या.”

म्हाताऱ्याने मऊ, आखूड फिनांची जोडी वाळूवर ठेवली, त्या दुसऱ्या ओळीला धक्का न लावता, जरा बाजूला.

“ह्ये ठसे रोजचे,” तो म्हणाला. “भरतीक पुसतत. ओहोटीक परत दिसतत.”

“रोज कोण जातं इथून?”

बाबीने जाळ्याची एक गाठ मारली. दुसरी मारली.

“जाता म्हणान तुका कोणी सांगल्यान?”