पायरीवर ठेवलेला अंकुश

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तिच्यातल्या राजाचं नाव आता त्याच्या राज्यालाही आठवत नाही. लहानांनी ती हत्तिणीसाठी ऐकावी आणि थोरांनी स्वतःसाठी.

त्या राजाच्या पदरी मोठा हत्तीखाना होता आणि तिथे एक रीत पूर्वापार चालत आली होती. कधीकाळी शत्रूच्या माणसाने राजाच्या लाडक्या हत्तीला विषाचा रोट चारला होता. तेव्हापासून हत्तीचं प्रत्येक पिल्लू एकाच माहुताच्या हवाली करत आणि त्याला शिकवत, की खायचं ते याच हातचं. जमिनीवर टाकलेल्या चाऱ्याला किंवा परक्याने पुढे केलेल्या गुळाला सोंड लावायची नाही. माहूत म्हातारा झाला, की नवा माणूस कित्येक महिने त्याच्या शेजारी उभा राही. दोघे मिळून एकच घास धरत आणि मग म्हातारा हळूहळू आपला हात मागे घेई. रीत शहाणपणाची होती. त्यानंतर तिथला एकही हत्ती विषाने मेला नाही.

या हत्तीखान्यात हैबती नावाचा माहूत होता आणि त्याच्याकडे मैना नावाची हत्तीण होती. एवढ्या थोरल्या देहाला पाखराचं नाव ठेवलं म्हणून लोक हसत. पण पिल्लू असताना ती भूक लागली की चिवचिव केल्यासारखा बारीक आवाज काढी, म्हणून हैबतीनेच ते ठेवलं होतं. त्याची बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. सकाळी उठून तो बाजरीचे जाड रोट भाजी, त्यांत गूळ कुस्करी आणि मैनेला भरवता भरवता तिला रागावत राही. आज कान हलवत नाहीस, काल नदीवर फार वेळ लावलास, अशी त्याची कुरकुर चाले. मैना सगळं ऐकून घेई आणि शेवटी त्याच्याच खांद्यावर सोंड ठेवी.

हत्तीखान्यावर एक दरोगा होता. तो दुष्ट होता असं काही मी म्हणणार नाही. राजाची वस्तू आणि आपली वस्तू यांतला फरक तेवढा त्याला दिसत नसे. त्याने गावाबाहेर नवं घर बांधायला काढलं आणि लाकडाचे ओंडके ओढायला मैनेला पाठव म्हणून हैबतीला सांगितलं. हैबतीने हात जोडले. हत्तीण राजाची आहे आणि हे तिच्या विसाव्याचे दिवस आहेत, एवढंच तो म्हणाला. दरोगा हसला आणि निघून गेला. वरिष्ठ माणूस नकार ऐकून हसला, की खालच्याने सावध व्हावं. पण हैबती पडला साधा माणूस. त्याला वाटलं, विषय मिटला.

मग सुरू झालं. मैनेला कोरड्या ठाणावरून काढून ओढ्याकडच्या ठाणावर बांधलं. तिथली जमीन बारमाही ओली आणि हत्तीला ओल्यात उभं केलं तर त्याचे तळवे कुजतात. सणाच्या मिरवणुकीतून मैनेचं नाव गेलं आणि दगड वाहण्याच्या कामात तिचं नाव आलं. हैबतीला चारचौघांत माजलेला, आळशी, कामचोर म्हटलं जाऊ लागलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच. स्वतःला मिळालेल्या शिव्या हैबतीने गिळल्या. पण एके दिवशी मैना पाय टेकवेना. त्याने तळवा उचलून पाहिला, तर आत जखम पडून पू झाला होता. त्या दिवशी त्याने ठरवलं, की आता तक्रार करायची.

येसबा नावाचा वयस्कर माहूत त्याचा जुना सोबती होता. त्याने परोपरीने समजावलं. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, आज ना उद्या दरोग्याचा राग निवळेल, असं तो म्हणाला. हैबतीने विचारलं, की तोवर तिच्या पायांचं काय?

त्या राज्यात तक्रार करायची पद्धत ठरलेली होती. राजवाड्याच्या दाराशी एक दगडी पायरी होती, तिला न्यायाची पायरी म्हणत. तक्रारदाराने आपल्या कामाचं हत्यार तिथे आणून ठेवायचं. सुताराने करवत ठेवायची, लोहाराने घण आणि माहुताने अंकुश. निकाल लागेपर्यंत त्याने ना हत्याराला शिवायचं, ना कामाच्या जागी पाऊल टाकायचं. हा नियम राजाच्या पणज्याने केला होता आणि तोही चांगल्या मनाने. तक्रार चालू असताना वरिष्ठाने कामाच्या निमित्ताने माणसाला छळू नये, म्हणून त्याला कामापासूनच दूर ठेवायचं. पणजोबा स्वतः सकाळी त्या पायरीशी बसत आणि हत्तींच्या संध्याकाळच्या घासाआधी निकाल देत. हैबतीने आजोबांच्या तोंडून तेच ऐकलं होतं. सकाळी अंकुश ठेवू आणि संध्याकाळी उचलू, अशा हिशेबाने तो गेला. मैनेला निघताना त्याने पोटभर भरवलंसुद्धा नाही, कारण संध्याकाळी परत यायचंच होतं.

पण आताचा राजा पणज्यासारखा पायरीशी बसत नव्हता. राज्य वाढलं होतं, पायरीवर हत्यारांची रांग लागली होती आणि न्यायाचं काम एका वृद्ध न्यायाधीशाकडे सोपवलेलं होतं. हा न्यायाधीश भला माणूस होता, हे आधीच सांगतो. त्याने हैबतीचं म्हणणं शांतपणे ऐकलं आणि दरोग्याला बोलावणं धाडलं. दरोगा आला नाही. त्याची तब्येत बरी नसल्याचा निरोप आला. पुढच्या वेळी तो गवताच्या खरेदीला बाहेरगावी गेलेला निघाला. त्याने मैनेला बोटही लावलं नाही. त्याला फक्त तारखा मागायच्या होत्या.

इकडे मैना खात नव्हती. दुसऱ्या माहुताने घास पुढे केला, तिने तोंड फिरवलं. चारा टाकला, तो तसाच वाळला. ती तेवढं पाणी पिई आणि हैबती ज्या वाटेने येई तिकडे तोंड करून उभी राही. लहानपणी जे शिकवलं होतं तेच ती इमानाने पाळत होती.

हैबती धावत न्यायाधीशाकडे गेला आणि म्हणाला, "पंत, मला अंकुश नको. माहूत म्हणून नको, वाटेवरचा भिकारी म्हणून आत जाऊ द्या. तिला एक घास भरवतो आणि परत येतो."

न्यायाधीशाने दरोग्याचं मत मागवलं. दरोगा त्या दिवशी मात्र लगेच हजर झाला. म्हणाला, की प्रत्येक माहुताला आपल्यावाचून हत्तीचं अडतं असंच वाटतं, आणि मुकं जनावर आहे, भूक लागली की खाईल. ज्याने हत्तीखान्याची रीत उभी हयात पाहिली होती, तोच हे बोलत होता. न्यायाधीशाने आयुष्यात कधी हत्तीला घास भरवला नव्हता, त्यामुळे त्याला ते पटलं. तो हैबतीला प्रेमाने म्हणाला, "बाबा रे, हा नियम तुझ्याच भल्यासाठी आहे. तो मोडायचा अधिकार मला नाही. महाराज शिकारीहून परतले की मी स्वतः त्यांच्या कानावर घालतो."

मग हैबतीने अंकुश परत मागितला. तक्रार नको, न्याय नको, मैना ओल्यात उभी राहिली तरी चालेल, असं तो म्हणाला. न्यायाधीशाने खेदाने मान हलवली. निकालाआधी हत्यार उचललं तर तक्रार खोटी ठरे आणि खोट्या तक्रारदाराला पुन्हा कधी कामावर घेत नसत. म्हणजे पुढे विहीर आणि मागे आड.

साक्षीसाठी हत्तीखान्यातले माहूत एकेक करून बोलावले गेले. सगळ्यांनी सगळं पाहिलं होतं आणि एकालाही काही आठवेना. त्यांना भेकड म्हणायची घाई करू नका. प्रत्येकाच्या घरी नाही, पण ठाणावर एकेक मैना होती आणि तीही एकाच हातचं खात होती. उद्या दरोग्याने आपल्यावर डोळा धरला, तर आपल्या हत्तीला कोण भरवणार, एवढंच प्रत्येकाच्या मनात होतं. येसबाही खाली मान घालून परत गेला.

रोज सकाळी हैबती रोट भाजी आणि हत्तीखान्याच्या भिंतीबाहेर जाऊन उभा राही. भिंत उंच होती, आतलं काही दिसत नसे. तो बाहेरून ओरडून सांगे, "खा गं पोरी. दुसऱ्याच्या हातचं खा. मी सांगतो ना, खा." जन्मभर जे करू नको म्हणून शिकवलं, तेच आता तो तिला करायला सांगत होता. आत त्याचा आवाज ऐकू आला, की मैना सोंड उचले. पण ती चाऱ्याकडे जात नसे, भिंतीकडे वळे. साखळी ताणली जाई आणि आतले माहूत दुसरीकडे बघत.

एका सकाळी त्याने हाक मारली आणि साखळीचा आवाज आला नाही.

मैना आडवी झाली होती. येसबाने ते पाहिलं आणि त्याला आपल्या हत्तीचा, स्वतःच्या पोटाचा, कशाचाच विचार राहिला नाही. तो अनवाणीच धावत न्यायाधीशासमोर गेला. दरोग्याचं घर, ओंडके, ओलं ठाण, कुजलेला तळवा, सगळं त्याने एका दमात सांगितलं. त्याचं पाहून बाकीचे माहूतही आले आणि ज्यांना काही आठवत नव्हतं त्यांना सगळं आठवलं. दुपारी निकाल लागला. हैबतीची तक्रार अक्षरन्‌अक्षर खरी ठरली. दरोग्याला पदावरून काढलं. न्यायाधीश स्वतः उठला, त्याने पायरीवरचा अंकुश पुसला आणि दोन्ही हातांनी हैबतीच्या हाती दिला.

हैबती पळत हत्तीखान्यात पोचला. मैनेचं अंग अजून ऊन होतं. कमरेला बांधलेला रोट त्याने काढला, मोडला आणि सवयीने तिच्या तोंडाशी धरला. बराच वेळ तो तसाच धरून बसला. शेवटी येसबाने त्याचा हात हळूच खाली घेतला.

राजा शिकारीहून आला आणि सारं ऐकून हळहळला. त्याने हैबतीला बोलावून घेतलं. निकाल तुझ्या बाजूने लागला आहे, आता हवं ते हत्तीचं पिल्लू निवड, असं त्याला सांगितलं.

हैबती म्हणाला, "महाराज, निकाल घेऊन मी काय करू? मी माझी हत्तीण वाचवायला आलो होतो."

तो राज्य सोडून गेला. राजा वाईट नव्हता. त्याने दवंडी पिटून नियम बदलला, की यापुढे तक्रार झाली तर ज्याच्याविरुद्ध झाली त्यानेच काम सोडून बाहेर बसावं आणि तक्रारदाराने आपल्या जागी राहावं. नियम फार चांगला होता. हत्तीखान्यातल्या माहुतांनी दवंडी ऐकली आणि ते आपापल्या हत्तींना घास भरवत राहिले. पुढे नवा दरोगा आला, त्याच्यानंतर आणखी एक आला. त्यांतला कोण चांगला होता आणि कोण वाईट, ते कुणालाच कळलं नाही, कारण हत्तीखान्यातून पुन्हा कुणी त्या पायरीपर्यंत गेलंच नाही. राजा मात्र परदेशच्या पाहुण्यांना अभिमानाने सांगे, की माझ्या हत्तीखान्यात बघा, एकाचीही तक्रार नाही.

तात्पर्य : तक्रार करणाऱ्यालाच आधी दूर सारणारा न्याय, अन्याय करणाऱ्याचं उरलेलं काम पुरं करतो.