पिंगल तेल्याची पेंड

पूर्वी गोदेच्या काठी सुमुख राजाचे राज्य होते, तेव्हा बोधिसत्त्व तिथल्या एका तेल्याच्या घरी जन्मले होते. त्यांचे दोन घाणे होते. सण तोंडावर आला आणि समोरच्या पिंगल तेल्याने तिळाचे तेल अर्ध्या भावाने विकायला काढले. बोधिसत्त्वांच्या दारात गिऱ्हाईक फिरकेना.

मेहुणा नंदक म्हणाला, "दाजी, आपणही भाव पाडू. नाहीतर त्याचा गडी फोडू, आतलं सगळं कळेल."

"गडी कशाला फोडायचा? तेलाचं तो लपवील, पेंड कुठं लपवणार?" असे म्हणून बोधिसत्त्व नंदकाला घेऊन गवळ्याकडे गेले. तेल काढून उरलेली पेंड सगळे तेली त्यालाच विकत.

गवळी वैतागलेलाच होता. "पिंगलची पेंड होय? गव्हाणीत तशीच पडलीय. एका म्हशीनं खाल्ली, ती उठेना."

बोधिसत्त्वांनी पेंड फोडली. तिळाच्या चोथ्यात एरंडाची टरफले होती. तिळात स्वस्त एरंड मिसळल्यामुळे तेल स्वस्त, हे कळले. भाव पाडायचा नाही, हेही ठरले. पण हेच तेल उद्या घरोघर पोरांच्या तळणाला जाणार होते.

नंदक हळूच म्हणाला, "गप्प बसा. चार पोरं आजारी पडली की त्याचा धंदा बसेल. मग सारी पेठ आपली."

"आणि ती चार पोरं?"

असे विचारून बोधिसत्त्वांनी पेंडीचा तुकडा उचलला आणि ते निघाले.

पिंगलच्या दारी रांग होती. चारचौघांत न बोलता बोधिसत्त्वांनी त्याला बाजूला घेतले आणि पेंडीचा तुकडा पुढे धरला.

पिंगल हसला. "जळतोस होय रे? थोडं एरंडेल पोटाला बरंच असतं."

"मग हे तुझ्या बैलापुढं टाक."

तो टाकेना. तेवढ्यात आतून त्याची बायको आली. कडेवरच्या लेकीने मलूल होऊन तिच्या खांद्यावर मान टाकली होती.

"अहो, सकाळपासून हिला जुलाब होतायत. आपल्याच घड्यातलं तेल घातलं होतं मी हिच्या घासाला."

पिंगलने बाहेर जाऊन रांगेसमोरच घडे उपडे केले, आणि नेलेले तेल टाकून द्या म्हणून घरोघर सांगत फिरला.

बोधिसत्त्वांनी आपले तीळ त्याच्या घाण्याला दिले. एकट्याच्या घाण्यांवर नगराचा सण निघणार नव्हता. तिसऱ्या दिवशी पोरीने भाकरी मागितली.

ही कथा सांगून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, पिंगल आणि त्याची बायको म्हणजे आज आपल्याला भिक्षा घालणारे जोडपे. तेली मीच होतो. नंदक तुमच्यातच बसला आहे, त्याचे नाव मी घेत नाही. दुसऱ्याचे उणे शोधायला बुद्धी पुरते. ते हाती आल्यावर जी त्याचेही घर राखते, ती मैत्री पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला पोचलेली मैत्री."